व्यवसायाच्या आवारात ईव्ही चार्जर बसवताना : परवानाधारक वीज ठेकेदार कसा निवडावा आणि काम कसे करून घ्यावे

पुण्यातल्या एका कार्यालयात चार्जरची तक्रार पाहायला गेलो होतो. ७.४ किलोवॅटचा चार्जर सकाळी गाडी लावली की तासभर व्यवस्थित चालायचा आणि मग बंद पडायचा. थोड्या वेळाने एमसीबी (प्रवाह जादा झाला की आपोआप पडणारा खटका) पुन्हा वर केला की परत तेवढाच वेळ चालायचा. चार्जरच खराब आहे असे सर्वांनी गृहीत धरले होते आणि तो बदलून देण्यासाठी कंपनीकडे मागणीही झाली होती. मी वितरण पेटीचे झाकण काढले तेव्हा ३२ अँपिअरच्या एमसीबीखाली आलेल्या वायरचे प्लास्टिक बोटभर लांबीपर्यंत तपकिरी होऊन कडक झालेले होते. स्क्रू ड्रायव्हरने अर्धा फेरा सहज फिरला. वायर ४ चौरस मिमीची होती. चार्जरमध्ये काहीही दोष नव्हता. सैल जोडाजवळ वायर तापत होती, ती उष्णता एमसीबीत शिरत होती आणि एमसीबी आपले काम चोख करत होता.

ते काम कार्यालयाच्या नेहमीच्या, विश्वासू वायरमनने केले होते. दिवे, पंखे, एसी यांची कामे तो वर्षानुवर्षे उत्तम करत आला होता. चार्जर मात्र वेगळ्या जातीचा भार आहे, ही गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती. गिझर वीस मिनिटांत बंद होतो, एसीचा कॉम्प्रेसर थांबत थांबत चालतो. गाडी मात्र सलग पाच-सहा तास, पूर्ण ३२ अँपिअर प्रवाह, एक क्षणही उसंत न देता खेचते. घरगुती सवयीने टाकलेली वायर, हाताच्या अंदाजाने आवळलेला स्क्रू आणि नावापुरते अर्थिंग यांची उणीव अशा भाराखाली काही आठवड्यांत उघडी पडते. म्हणून कोणता चार्जर घ्यावा यापेक्षा तो कोणाच्या हातून बसवून घ्यावा, या प्रश्नाला व्यावसायिकाने अधिक वेळ द्यावा असे माझे ठाम मत आहे. पुढील मार्गदर्शन महाराष्ट्रातील दुकान, कार्यालय, हॉटेल, कारखाना किंवा रुग्णालय चालवणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहे.

पहिली पायरी : ठेकेदाराला बोलावण्याआधी आपली गरज ठरवा

आपल्या आवारात गाडी किती वेळ उभी असते, या एका प्रश्नावर पुढचे सगळे अवलंबून आहे. कार्यालयात कर्मचाऱ्याची गाडी आठ तास उभी असते, मंगल कार्यालयात तीन-चार तास, आणि महामार्गावरच्या हॉटेलात चहा-नाश्त्यापुरती पाऊण तास.

कार्यालयाचे उदाहरण घेऊ. एखादा कर्मचारी येऊन-जाऊन रोज ४० किलोमीटर प्रवास करतो असे धरा. लहान विद्युत मोटारगाडी एका युनिटमध्ये साधारण सहा-सात किलोमीटर जाते, म्हणजे रोजची गरज सहा-सात युनिटांची. ३.३ किलोवॅटच्या साध्या चार्जिंग पॉइंटवर एवढे काम दोन तासांच्या आसपास होते. आठ तास उभ्या असलेल्या गाडीसाठी २२ किलोवॅटचा चार्जर बसवणे म्हणजे तांब्याभर पाण्यासाठी टँकर मागवणे होय. शिवाय एसी चार्जर (येथे एसी म्हणजे भिंतीतून येणारा प्रत्यावर्ती प्रवाह) केवळ वीज पोहोचवतो; बॅटरीसाठी ती रूपांतरित करण्याचे काम गाडीच्या आतला चार्जर करतो, आणि आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांत तो ३.३ किंवा ७.२ किलोवॅटच्या आसपासचा, काहींत ११ किलोवॅटचा असतो. भिंतीवर २२ किलोवॅटचा चार्जर असला तरी अशी गाडी आपल्या क्षमतेएवढीच वीज घेते. विक्रेता हे आपणहून सांगेलच असे नाही.

दुचाकी घेऊन येणारे कर्मचारी जास्त असतील, तर १६ अँपिअरचे स्वतंत्र सर्किट असलेले काही पॉइंट पुरतात. डीसी फास्ट चार्जर (बॅटरीला थेट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह देणारा) लागतो तो महामार्गावरच्या हॉटेलाला, पेट्रोल पंपाला किंवा टॅक्सीचा ताफा चालवणाऱ्याला. तेथे ६० किलोवॅटचा एक चार्जरसुद्धा प्रत्येक फेजवर नव्वद-पंचाण्णव अँपिअर प्रवाह घेतो, आणि ते काम लहान ठेकेदाराच्या आवाक्याबाहेरचे असू शकते.

आज किती पॉइंट हवेत यासोबत तीन वर्षांनी किती लागतील याचाही अंदाज बांधून ठेवावा. पार्किंगची फरशी एकदाच खोदावी आणि त्याच वेळी एक-दोन रिकामे पाइप ओढून ठेवावेत. रिकाम्या पाइपाला फारसा खर्च येत नाही, पण काँक्रीट पुन्हा फोडण्याला बराच येतो.

दुसरी पायरी : वीजबिल वाचा

ठेकेदाराच्या पहिल्या भेटीत टेबलावर मागील बारा महिन्यांची बिले असावीत. त्यांतले तीन आकडे पाहायचे : मंजूर भार, करार मागणी (वीज कंपनीशी ठरलेली मागणीची मर्यादा) आणि प्रत्यक्ष नोंदली गेलेली कमाल मागणी. एप्रिल-मे महिन्यांची बिले विशेष बारकाईने पाहावीत, कारण एसीमुळे वर्षातली सर्वाधिक मागणी बहुधा तेव्हाच नोंदली जाते.

समजा आपली करार मागणी ४० केव्हीए (मागणी मोजण्याचे एकक; येथे ढोबळमानाने किलोवॅटएवढेच धरू) आहे आणि मे महिन्यात ३१ नोंदली गेली आहे. ७.४ किलोवॅटचे तीन चार्जर एकाच वेळी चालू झाले तर २२ किलोवॅटची भर पडते आणि मागणी ५३ च्या घरात जाते. करार मागणी ओलांडली की जादा मागणीवर दंडात्मक दराने आकारणी होते आणि मुख्य स्विचवरही ताण येतो. येथे तीन मार्ग उरतात. भार वाढवून घेणे, हा एक. चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी घेणे, हा दुसरा. तिसऱ्या मार्गाचा विचार फार कमी लोक करतात : भार नियंत्रण करणारी यंत्रणा बसवणे. ही यंत्रणा इमारतीचा एकूण वापर मोजत राहते आणि एसी जोरात चालू असतील तेव्हा चार्जरांचा प्रवाह कमी करते. दिवसभर उभ्या असलेल्या गाडीच्या मालकाला त्याने काही फरक पडत नाही, आणि भारवाढीचा खर्च वाचतो. हा पर्याय आपणहून पुढे ठेवणारा ठेकेदार मला नेहमीच अधिक विश्वासार्ह वाटतो.

दराचा मुद्दा येथेच निकाली काढावा. वीज नियामक आयोगाने चार्जिंग केंद्रांसाठी स्वतंत्र वर्गवारी ठेवली आहे. मात्र ग्राहक आपल्याच जागेत आपलीच गाडी चार्ज करत असेल, तर त्या जागेचा जो दर आहे तोच लागू होतो. बाहेरच्या लोकांकडून पैसे घेऊन चार्जिंग देणार असाल तर स्वतंत्र मीटर घेणे श्रेयस्कर; आणि त्या मीटरवरून शेजारचे उपाहारगृह किंवा दुकान चालवता येत नाही, कारण त्या वापराला व्यापारी दर लागतो. चार्जिंग सेवा देण्यासाठी वीज विक्रीचा परवाना काढावा लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. अजूनही पुष्कळ व्यावसायिक त्या धास्तीने मागे राहतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

तिसरी पायरी : पात्र माणूस म्हणजे कोण, हे कागदावर तपासा

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार (सध्या २०२३ चे विनियम लागू आहेत) दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली, तर विद्युत संचमांडणीचे कोणतेही नवे काम, वाढ किंवा बदल राज्य शासनाचा परवाना असलेल्या ठेकेदारानेच करावा लागतो. त्या कामावर सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची प्रत्यक्ष देखरेख लागते, आणि हाताने काम करणाऱ्याकडे तारतंत्रीचा (वायरमनचा) परवाना लागतो. चार्जरसाठी नवे सर्किट ओढणे हे निःसंशय या नियमात बसते.

म्हणजे आपल्याला तीन कागद मागायचे आहेत : ठेकेदाराचा परवाना, पर्यवेक्षकाचे सक्षमता प्रमाणपत्र आणि तारतंत्र्याचा परवाना. महाराष्ट्रात हे तिन्ही अनुज्ञापक मंडळाकडून दिले जातात. आयटीआयचे वीजतंत्री किंवा तारतंत्री व्यवसायाचे प्रमाणपत्र ही शैक्षणिक पात्रता आहे. ते परवान्याच्या जागी चालत नाही. चार्जर बनवणाऱ्या कंपनीने दोन दिवसांचे प्रशिक्षण देऊन दिलेले कार्डही चालत नाही. त्या प्रशिक्षणाचा उपयोग आहेच, कारण पुष्कळ कंपन्या वॉरंटीसाठी प्रशिक्षित माणसाचा आग्रह धरतात. पण ते परवान्याच्या जोडीला हवे.

कागद हातात आल्यावर तो नुसता फाइलला लावू नये. मुदत संपलेली नाही ना, परवान्यावरचे नाव आणि कोटेशनवरचे नाव एकच आहे ना, परवान्याच्या वर्गात आपले काम बसते ना, हे पाहावे. शंका असल्यास जिल्ह्यातील विद्युत निरीक्षक कार्यालयात परवाना क्रमांक देऊन विचारणा करावी.

येथे एक दुखणे स्पष्ट सांगितले पाहिजे. काही ठिकाणी काम एकजण करतो आणि चाचणी अहवालावर सही-शिक्का दुसऱ्याच परवानाधारकाचा असतो. त्या सहीचे पैसे वेगळे मोजले जातात. ज्याने सही केली त्याने जागा पाहिलेलीही नसते. अशा अहवालाला तांत्रिक अर्थ काहीच उरत नाही, आणि आग किंवा विजेचा धक्का लागण्याची दुर्घटना झाली तर विमा कंपनी व तपास अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारतात की काम प्रत्यक्ष कोणी केले. हे टाळण्याचा उपाय सोपा आहे : ज्या पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र दाखवले गेले आहे, त्याने पहिल्या पाहणीला आणि शेवटच्या चाचणीला स्वतः हजर राहावे, अशी अट कार्यादेशात (वर्क ऑर्डरमध्ये) लिहावी. जो ठेकेदार या अटीवर कुरकुर करतो त्याला तेथेच नमस्कार करावा.

सोबतच कामगारांचा विमा किंवा ईएसआयसीची नोंद, जीएसटी क्रमांक आणि यापूर्वी केलेल्या चार्जरच्या दोन कामांचे पत्ते मागावेत. त्यांपैकी एक काम किमान सहा महिने जुने असावे आणि ते प्रत्यक्ष जाऊन पाहावे. नवे काम सगळेच सुंदर दिसते. एक पावसाळा काढलेल्या कामाकडे पाहिले की ठेकेदाराची खरी ओळख पटते. पेटीच्या तळाशी गंज आहे का, केबल आत शिरते तेथे ग्लँड (केबल आवळून धरणारी कडी) घट्ट आहे का, अर्थ पिटचे (अर्थिंगच्या खड्ड्याचे) झाकण उघडता येते का की त्यावर कुंडी ठेवली आहे, एवढे पाहायला वीजशास्त्र यावे लागत नाही.

चौथी पायरी : पाहणीच्या दिवशी ठेकेदाराचे हात पाहा

जागेचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवून दर कळवणाऱ्याला काम देऊ नये. चांगला ठेकेदार येतो तेव्हा आधी मुख्य पॅनेल उघडायला सांगतो. आतला मुख्य स्विच किती अँपिअरचा आहे, बसबारवर (पॅनेलमधल्या वीज वाटणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) जागा आहे का, आधीचे जोड काळवंडलेले आहेत का, हे तो बघतो. मग क्लॅम्प मीटर काढून तिन्ही फेजांवरचा चालू प्रवाह मोजतो. एका फेजवर ४५ आणि दुसरीवर १८ अँपिअर असेल, तर नवा एकफेजी चार्जर कोणत्या फेजवर जाणार हे तेथेच ठरते. त्यानंतर तो न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधले व्होल्टेज मोजतो. चार्जरच्या कामात या मोजमापाला फार महत्त्व आहे, कारण बहुतेक चार्जर अर्थिंग नीट नसेल तर सुरूच होत नाहीत किंवा मध्येच दोष दाखवून थांबतात. जुन्या इमारतींत ‘चार्जर चालत नाही’ अशा ज्या तक्रारी मी पाहिल्या, त्यांपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ अर्थिंगमध्ये निघाले.

पुढे तो पॅनेलपासून पार्किंगपर्यंतचा मार्ग पायी चालून टेपने मोजतो. या अंतराला किती महत्त्व आहे हे एका हिशेबाने दाखवतो. ७.४ किलोवॅटचा एकफेजी चार्जर, प्रवाह ३२ अँपिअर, अंतर ६० मीटर. तांब्याची ६ चौरस मिमीची केबल टाकली तर प्रवाह चालू असताना तापलेल्या केबलमध्ये सुमारे १४ व्होल्ट वाटेतच गळतात, म्हणजे सहा टक्क्यांहून अधिक. १० चौरस मिमीची केबल टाकली तर ही गळती साडेआठ व्होल्टच्या आसपास, पावणेचार टक्क्यांवर येते. पाच टक्क्यांच्या आत राहायचे असेल तर येथे १० चौरस मिमी हवी. पहिल्या कोटेशनमध्ये ६ आणि दुसऱ्यात १० असेल तर पहिले स्वस्त दिसणारच; पण ती दोन कामे एकसारखी नाहीत. म्हणून प्रत्येक ठेकेदाराकडून केबलच्या जाडीचा हिशेब लेखी मागावा. तो देता येत नसेल तर जाडी अंदाजाने ठरवली आहे असे समजावे.

पाहणीच्या वेळी विचारण्यासारखा आणखी एक प्रश्न : ‘आरसीसीबी कोणत्या प्रकारचा बसवणार?’ एमसीबी जादा प्रवाहापासून वायरचे रक्षण करतो. विजेची गळती होताच पुरवठा तोडून माणसाचे रक्षण करतो तो आरसीसीबी. विनियमांनुसार प्रत्येक चार्जिंग पॉइंटला स्वतंत्र गळती-संरक्षण हवे, ते ३० मिलिअँपिअरपेक्षा अधिक नसावे आणि किमान ‘टाइप ए’ दर्जाचे असावे. बाजारात सहज आणि स्वस्त मिळतो तो ‘टाइप एसी’. गाडीच्या चार्जरमुळे गळतीच्या प्रवाहात डीसी अंश मिसळू शकतो, आणि तसा प्रवाह ‘टाइप एसी’ ओळखेलच याची खात्री नसते. डीसी गळती ओळखणारी यंत्रणा चार्जरमध्येच आहे का, आणि नसेल तर ‘टाइप बी’ लागेल का, हे ठेकेदाराने चार्जरची माहितीपुस्तिका पाहून सांगावे. ‘तीस मिलिअँपिअरचा कोणताही चालतो’ असे उत्तर आले, तर तो ठेकेदार या कामासाठी अजून तयार नाही असे समजा.

विनियमांतल्या आणखी काही अटी मालकालाही ठाऊक असाव्यात. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिमी उंचीवर हवे. गाडी उभी केल्यावर तिचा चार्जिंगचा भाग पॉइंटपासून पाच मीटरच्या आत यावा. एक्स्टेन्शन बोर्ड, अडॅप्टर आणि हलते सॉकेट यांना परवानगी नाही. पार्किंगच्या रेषा आखण्याआधी हे लक्षात घेतले तर चार्जर योग्य खांबावर येतो.

पाचवी पायरी : कोटेशन आणि कार्यादेश

‘चार्जर बसवणे, संपूर्ण काम, एकूण रक्कम’ अशा एका ओळीच्या कोटेशनवर तुलना करता येत नाही. किमान तीन ठेकेदारांकडून बाबवार कोटेशन घ्यावे. त्यात केबलचा प्रकार, जाडी, लांबी व मेक, एमसीबी व आरसीसीबीचा मेक आणि प्रकार, अर्थ पिटांची संख्या, खोदकाम व पूर्ववत भरणी, पेटीचा आयपी दर्जा (धूळ-पाण्यापासून संरक्षणाची पातळी), चाचण्या, आणि वीज कंपनीकडची कागदपत्रे कोणी करायची, हे सर्व वेगवेगळे यावे. केबल आयएसआय चिन्हाची असावी, वायरिंग आयएस ७३२ प्रमाणे आणि अर्थिंग आयएस ३०४३ प्रमाणे करावे, असे एक वाक्य कार्यादेशात जरूर घालावे. त्यामुळे पुढे वाद झाला तर बोट ठेवायला जागा राहते.

मोठ्या भारासाठी ॲल्युमिनियमची आर्मर्ड (धातूचे कवच असलेली) केबल वापरणे चुकीचे नाही आणि त्यात पैसा वाचतो. मात्र तांब्याच्या टोकाला जोडताना बायमेटॅलिक लग (केबलच्या टोकावर चढवायचे, दोन धातूंचे जोडतुकडे) लागतात, आणि ते कोटेशनमध्ये दिसले पाहिजेत. साधे लग लावून केलेला असा जोड दमट हवेत झिजत जातो. कोकणात आणि गोव्यात तर हा दोष एका पावसाळ्यात वर येतो. तेथे उघड्यावर बसणाऱ्या चार्जरला किमान आयपी ५४ दर्जा असावा आणि वर छोटेसे छप्परही असावे.

कराबाबत एक बारकावा आहे. १ ऑगस्ट २०१९ पासून चार्जरवरील जीएसटी ५ टक्के आहे. बसवण्याच्या कामाला लागणारा दर त्याहून जास्त आहे. चार्जर स्वतः विकत घ्यायचा की ठेकेदाराकडून एकत्रित काम म्हणून घ्यायचा, याचा करावर परिणाम होऊ शकतो, म्हणून ऑर्डर देण्याआधी आपल्या सीएंशी बोलून घ्यावे.

पैसे टप्प्यांनी द्यावेत. आगाऊ रक्कम मर्यादित ठेवावी, साहित्य जागेवर आल्यावर आणि केबल टाकून झाल्यावर पुढचे हप्ते द्यावेत, आणि किमान दहा टक्के रक्कम चाचणी अहवाल व कागदपत्रे हातात पडेपर्यंत राखून ठेवावी. ठेकेदाराचाही विचार करावा : काम पूर्ण झाल्यावर ही रक्कम अडवून धरू नये. वेळेवर पैसे देणाऱ्या मालकाच्या फोनला ठेकेदार रात्रीही धावून येतो.

सहावी पायरी : परवानग्या

जागा भाड्याची असेल तर मालकाची, व्यापारी संकुलात असेल तर संस्थेची लेखी संमती आधी घ्यावी. मीटर कोठे बसणार आणि सामाईक भिंतीवरून केबल कशी जाणार, हे त्या पत्रातच नमूद करावे. भारवाढ किंवा नवी जोडणी असेल तर मुंबईत आपल्या भागातील बेस्ट, अदानी, टाटा पॉवर किंवा महावितरण यांपैकी संबंधित कंपनीकडे, उर्वरित महाराष्ट्रात महावितरणकडे आणि गोव्यात वीज खात्याकडे अर्ज जातो. अर्जासोबत परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, वाहिनी वाढवण्याची गरज नसेल तर परिपूर्ण अर्जानंतर महानगरांत तीन, इतर नागरी भागांत सात आणि ग्रामीण भागात पंधरा दिवसांत जोडणी द्यायची आहे. येथे ‘परिपूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बहुतेक विलंब अपुऱ्या कागदांमुळे होतात, आणि म्हणून अर्जाची पोच तारखेसह जपून ठेवावी.

उच्चदाब जोडणी किंवा स्वतःचे रोहित्र लागणार असेल, अथवा इमारत १५ मीटरपेक्षा उंच असेल, तर विद्युत निरीक्षकांकडील प्रक्रिया येते. ती लागू होते का, हे ठेकेदाराने पहिल्याच भेटीत सांगायला हवे. तळघरात चार्जर बसवायचा असेल तर अग्निशमन विभागाचे मत घ्यावे आणि इमारतीच्या विमा कंपनीला लेखी कळवावे. तळघरात पावसाचे पाणी साचण्याचा इतिहास असेल, तर माझा सल्ला एकच आहे : चार्जर वरच्या मजल्यावर किंवा उघड्या आवारात न्यावा.

सातवी पायरी : काम चालू असताना

मालकाने दिवसभर उभे राहण्याची गरज नाही. तीन वेळा हजर राहिले तरी पुरते. पहिली वेळ केबल जमिनीत टाकताना. चर पाऊण मीटर खोल आहे का, केबलखाली व वर वाळू आणि त्यावर विटा किंवा टाइल्स आहेत का, वर धोक्याची पट्टी टाकली का, हे माती लोटण्याआधी पाहून फोटो काढून ठेवावा. माती पडल्यावर त्या केबलची खोली कोणालाच सांगता येत नाही.

दुसरी वेळ अर्थ पिटच्या कामाची. इलेक्ट्रोड प्रत्यक्ष खाली गेला आहे, नुसती पट्टी मातीत खोचलेली नाही, एवढे पाहावे आणि पिटवर उघडता येणारे झाकण व क्रमांक असल्याची खात्री करावी.

तिसरी वेळ जोड करतानाची, आणि ही सर्वांत मोलाची. केबलच्या टोकावर लग चढवून तो क्रिंपिंग टूलने दाबला जातो. काही जण टूल आणायचा कंटाळा करतात आणि पक्कड-हातोडीने लग चेपतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून जोड झाल्यावर लग धरून केबल जोरात ओढून दाखवायला सांगावे. नीट दाबलेला लग हलत नाही, चेपलेला कधीकधी हातात येतो. तांब्याच्या काही तारा कापून टाकून जाड केबल छोट्या टर्मिनलमध्ये बसवणे हा आणखी एक प्रकार. तसे दिसले तर काम तेथेच थांबवावे, कारण दहाची केबल घेऊन जोडापाशी तिची सहाची करण्यात काही अर्थ नाही. स्क्रू आवळण्यासाठी टॉर्क ड्रायव्हर (ठरावीक जोरानेच आवळणारे साधन) वापरणारा तारतंत्री भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

आठवी पायरी : चाचणी, आकड्यांसह

‘गाडी लावून पाहिली, चार्ज होते’ ही चाचणी नव्हे. पर्यवेक्षकाच्या उपस्थितीत पुढील मोजमापे व्हावीत आणि आकडे कागदावर यावेत.

चार्जर सुटा करून केबलच्या इन्सुलेशनचा रोध ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासण्याच्या उपकरणाने) मोजावा. तो कोणत्याही परिस्थितीत एक मेगओहमच्या खाली नसावा, आणि नव्या केबलला तो त्याहून कितीतरी जास्त येतो. अर्थ टेस्टरने पिटचा रोध मोजावा, आणि चार्जरच्या धातूच्या भागापासून मुख्य अर्थपट्टीपर्यंत सलगता तपासावी. आरसीसीबीची चाचणी केवळ त्यावरचे बटण दाबून संपत नाही. टेस्टरने ३० मिलिअँपिअर प्रवाह सोडून तो ३०० मिलिसेकंदांच्या आत तुटतो का हे पाहावे लागते. हे उपकरण ठेकेदाराकडे आहे का, हे कोटेशनच्या वेळीच विचारून ठेवणे बरे.

शेवटची चाचणी वेळखाऊ आहे, पण मला ती सर्वांत जास्त भावते. सर्व चार्जरांना गाड्या लावून पूर्ण भारावर किमान एक तास चालू द्यावे आणि नंतर प्रत्येक जोडाचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने किंवा थर्मल कॅमेऱ्याने पाहावे. शेजारच्या तशाच जोडापेक्षा एखादा ठळकपणे गरम असेल तर तो सैल आहे. सुरुवातीला सांगितलेल्या कार्यालयात ही तासाभराची चाचणी पहिल्याच दिवशी झाली असती, तर नंतर दोनदा फॉल्स सीलिंग उघडून सगळी केबल बदलण्याची वेळ आली नसती.

हस्तांतराच्या वेळी एकरेषीय आरेखन (संपूर्ण जोडणीचा साधा रेखाटलेला आराखडा), केबलमार्गाचा नकाशा, सहीचा चाचणी अहवाल, सर्व वॉरंटी कार्डे, आणि चार्जरच्या ॲपचा मालकी पासवर्ड ताब्यात घ्यावा. पासवर्ड ठेकेदाराच्या मोबाइल क्रमांकावर नोंदलेला राहिला आणि पुढे त्याचा क्रमांक बदलला, तर आपल्याच चार्जरवरचा आपला ताबा जातो. तळघरात मोबाइलची रेंज आहे का, हेही याच दिवशी पाहावे. नाहीतर पैसे घेणारी यंत्रणा ऐन वेळी मुकी राहते.

बसवून झाल्यानंतर

नव्या कामातले जोड पहिल्या काही आठवड्यांत तापण्या-निवण्याने थोडे सैलावतात. म्हणून एका महिन्याने ठेकेदाराने विनाशुल्क येऊन सर्व टर्मिनल पुन्हा तपासावेत, ही अट कार्यादेशात आधीच असावी. त्यानंतर दर महिन्याला आरसीसीबीचे चाचणी-बटण दाबणे, केबलवर चिरा आहेत का आणि प्लगच्या पिना काळ्या पडल्या आहेत का हे पाहणे, एवढे काम आपला पहारेकरी किंवा देखभाल कर्मचारीही करू शकतो. त्यासाठी पॅनेलजवळ एक वही टांगावी आणि तारीख-सही घ्यावी. वर्षातून एकदा, शक्यतो मे अखेरीस पावसाआधी, परवानाधारकाकडून अर्थिंग व इन्सुलेशन-रोधाची मोजमापे पुन्हा करून घ्यावीत आणि ती मूळ अहवालाशेजारी लावावीत. पिटचा रोध पहिल्या वर्षी २ ओहम होता आणि तिसऱ्या वर्षी ६ झाला, हे कळते ते दोन कागद शेजारी ठेवल्यावरच.

पॅनेलमध्ये चार्जरच्या प्रत्येक एमसीबी आणि आरसीसीबीखाली मराठीत ठळक पट्टी लावून घ्या : ‘ईव्ही चार्जर १, पार्किंग खांब क्रमांक ४’. रात्री पावसात काही बिघडले तर पॅनेलपाशी पहिला पोहोचणारा माणूस पहारेकरी असतो, आणि कोणता खटका पाडायचा हे त्याला बॅटरीच्या उजेडात वाचता आले पाहिजे.